चावावा लागेल असा पाव

कवळीवाल्याच्या सासूबाई कवळी लावत नसत.

गल्लीत हे बहुतेकांना माहीत होतं. ज्यांना नव्हतं त्यांना सासूबाई हसून दाखवत.

कवळीवाला म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि हा घराच्या मागच्या खोलीत बसून त्या मापावरून दात बनवी. खोलीत प्लास्टरची पोती होती, मेणाच्या गुलाबी पट्ट्या होत्या, एक छोटी भट्टी होती आणि फळीवर ओळीनं माणसांचे जबडे ठेवलेले असत. शहरातल्या बऱ्याच डॉक्टरांचं काम त्याच्याकडे यायचं. रस्त्यात एखादं म्हातारं माणूस हसलं, की हा आधी त्याची वरची ओळ बघायचा आणि काम आपलंच आहे अशी खात्री पटली की मग ओळख द्यायचा.

सासूबाईंचे उरलेसुरले दात काढावे लागले तेव्हा त्यानं त्यांच्यासाठी जी कवळी केली, ती त्याच्या मते त्याच्या हातून झालेली सगळ्यात चांगली कवळी होती. डॉक्टरांनी ती बसवली, दात कुठे जास्त लागतो ते दाखवणाऱ्या निळ्या कागदावर त्यांना चावायला लावलं आणि कुठेही काही घासायची गरज नाही असं सांगितलं. सासूबाईंनी आरशात पाहिलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. शेजाऱ्यांच्या घरातले नवे पडदे पाहून माणूस ज्या आवाजात छान म्हणतो, तोच आवाज होता.

घरी आल्यावर कवळी टोचायला लागली. जावयानं विचारलं, कुठे टोचते? सगळीकडे, असं उत्तर आलं. त्यानं उगाच जरा घासल्यासारखं करून परत दिली. तरी टोचली. शेवटी सासूबाईंनी ती काचेच्या वाडग्यात पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिली. तिथून ती येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत असे.

त्यानंतर सासूबाई सूप, गिच्च भात, कुस्करलेला बटाटा आणि दुधात भिजवलेली बिस्किटं यांच्यावर होत्या. कपडे सैल व्हायला लागले. त्यांची तक्रार काहीच नव्हती. हीच जावयाला सगळ्यात मोठी तक्रार वाटायची. अर्ध्या शहराला चावायला लावणाऱ्या माणसाच्या घरी रोज एका माणसासाठी वेगळा बटाटा उकडायचा, हे त्याला बरं वाटत नव्हतं. पण बोलून दाखवायचा त्याचा स्वभाव नव्हता. तो फक्त वाडग्यातलं पाणी रोज बदलायचा.

त्याची बायको बस डेपोत घोषणा करायला होती. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार, हे दिवसभर माइकवरून सांगायचं. त्यामुळे घरीही ती कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची. "आई, कवळी लाव. आई, कवळी लाव." दोन्ही वेळा आई ऐकत नसे.

दर रविवारी बायकोच्या धाकट्या भावाचा फोन यायचा. तो दुसऱ्या शहरात विम्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि कुठल्याही विषयात त्याला आधी धोका दिसायचा. त्या रविवारी त्यानं विचारलं, आई काय जेवली? बहिणीनं सूप म्हणून सांगितलं. गेल्या रविवारीही सूपच होतं, हे त्याच्या लक्षात होतं. तुरुंगातल्या माणसाबद्दल बोलावं तसा त्याचा आवाज झाला. पुढच्या रविवारी मी येतो आणि आईला इकडे घेऊन जातो, असं त्यानं जाहीर केलं. आमच्या घराच्या अगदी समोर मोठं हॉस्पिटल आहे, हेही सांगितलं. हे तो घराला बाग असल्यासारखं सांगायचा.

सासूबाईंना जायचं नव्हतं. मुलावर राग होता असं नाही. पण मुलाचं घर फार उंचावर होतं आणि तिथल्या खिडकीतून खाली पाहिलं की माणसांचे फक्त भांग दिसत. सासूबाईंचा सगळा जन्म चेहरे बघण्यात गेला होता. त्यांचा आणि त्यांच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. नवरा फोटो काढायचा आणि या आतल्या खोलीत बसून बारीक ब्रशनं आणि टोकदार पेन्सिलीनं लोकांचे चेहरे सुधारायच्या. कुणाचा मस काढायचा, कुणाच्या डोळ्यांखालचं काळं पुसायचं, कुणाला केस द्यायचे. नवरा गेला, स्टुडिओ बंद झाला, तरी समोरच्याच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघायची सवय काही गेली नव्हती.

फोन ठेवल्यावर लेकीनं स्वच्छ सांगितलं, आई, तू नुसती कवळी लावून चार घास खाल्लेस तर तो न्यायचं नाव काढणार नाही.

"लावीन की," सासूबाई म्हणाल्या. "पण लावून खायचं काय? ती कोपऱ्यावरची बेकरी असती तर गोष्ट वेगळी होती. काय पाव असायचा तिचा. वरचं कवच असं जाड. चावावा लागायचा."

बेकरी केव्हाच बंद झाली होती. बेकरीवाल्याचे गुडघे गेले आणि तिथे आता मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान होतं. सासूबाई हे पूर्ण जाणून, अगदी निर्धास्तपणे बोलल्या होत्या.

जावई जेवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बरं."

तो बरं म्हणाला, की काम घेतलं असा त्याचा अर्थ होतो, हे बायकोला माहीत होतं. सासूबाईंना अजून माहीत नव्हतं.

सोमवारी त्यानं किराणा दुकानात यीस्ट मागितलं. दुकानदारानं खालच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं, त्यावरची धूळ पुसली, तारीख वाचली आणि पाकीट पुन्हा खालीच ठेवलं. संध्याकाळी बायकोनं बातमी आणली. डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसणारी तिची मैत्रीण घरी बिनयीस्टचा पाव करायची. पीठ, मीठ, खायचा सोडा आणि आंबट ताक, बस्स. पीठ फुगण्याची वाट बघायची नाही, काही नाही. एखादी गाडी लेट होते तेवढ्या वेळात पाव तयार. तिनं फोनवर सगळं नीट सांगितलं आणि शेवटी बजावलं, की मळायचा नाही. हात फिरवायचा आणि सोडून द्यायचा. जेवढं कमी कराल तेवढं बरं.

हे शेवटचं कवळीवाल्याला पटलं नाही. कमी केल्यानं एखादी गोष्ट चांगली होते, असा त्याचा अनुभव नव्हता.

ओव्हन घरात होता. मेव्हण्यानंच पूर्वी कधीतरी भेट दिला होता आणि तेव्हापासून त्यात मोठी ताटं ठेवली जायची. त्यानं ताटं बाहेर काढली, ओव्हन आतून पुसला, तापायला लावला. पीठ परातीत घेतलं, त्यात मीठ आणि सोडा मिसळला, मधे खड्डा करून ताक ओतलं आणि मग तो मळायला लागला. चांगलं मन लावून मळलं. कपाळाला घाम येईपर्यंत मळलं. गोळा गुळगुळीत, तुकतुकीत झाला. एकही भेग नाही. त्यानं तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि ओव्हनमध्ये ठेवला.

बाहेर आला तेव्हा पाव दिसायला देखणा होता. टेबलावर ठेवल्यावर मात्र त्याचा आवाज झाला. सुरी वरून घसरली. कवळीवाल्यानं मागच्या खोलीतून प्लास्टर कापायची करवत आणली आणि पाव मधोमध कापून आत पाहिलं. आत पाव नव्हताच. आत तोच गोळा होता, फक्त गरम.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. सूप पिताना त्या दिवशी त्या जरा खुशीत दिसल्या.

दुसऱ्या वेळी त्यानं मळलं नाही. पीठ आणि ताक एकत्र केलं आणि तेवढ्यात एका डॉक्टरांचा माणूस एक अर्जंट कवळी न्यायला आला. तिचं पॉलिश बाकी होतं. कवळीवाल्यानं पिठावर फडकं टाकलं, कवळी पूर्ण करून दिली आणि सावकाश परत आला. पीठ आधी बुडबुडे येऊन फुगलं होतं आणि आता खाली बसलं होतं. त्यानं तसंच भाजलं. या वेळी पाव कापता आला. चवीला तो साबणासारखा लागत होता, कारण आधीचा बिचारा फुगला नव्हता म्हणून त्यानं सोडाही जास्त घातला होता. बायकोनं एक घास खाल्ला आणि मग दुसरा खाल्ला नाही. तिनं काही दोनदा केलं नाही, असा हा विरळा प्रसंग.

"तुम्ही सोडून गेलात त्याला," सासूबाई दारातून म्हणाल्या. "ताक पडलं तेव्हाच त्याचं सुरू झालं होतं."

जावई परातीकडे बघत राहिला. हे तर त्याला माहीत असायला हवं होतं. प्लास्टरच्या भुकटीत पाणी पडलं की घड्याळ सुरू होतं. मग दारावर कुणी येवो, फोन वाजो, थांबता येत नाही. पटकन कालवायचं, साच्यात ओतायचं आणि हात काढून घ्यायचा. उगाच ढवळत बसलं तर ते ठिसूळ होतं. आयुष्यभर तो हेच करत आला होता. पिठाच्या बाबतीत मात्र त्याला वाटलं होतं, की खायची वस्तू आहे, तर जरा लाड करावेत.

शनिवारी सासूबाई दारातून आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. कदाचित इतके दिवस कुणी आपल्या एका वाक्यासाठी एवढी खटपट करत असताना नुसतं दारात उभं राहणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी ओव्हन आधी पूर्ण तापू द्यायला सांगितला. ताक चमच्यानं चाखून, अजून आंबट हवं म्हणून बाजूला ठेवायला लावलं. रविवारी सकाळी ते ताक मनासारखं आंबट झालं.

आणि रविवारी सकाळीच मेव्हणा आला. चाकांची मोठी बॅग घेऊन आला. बॅग रिकामी होती, ती आईच्या सामानासाठी होती. स्वयंपाकघरात भाऊजी हातभर पीठ लावून उभे आणि आई स्टुलावरून "पुरे, पुरे, आता हात काढा" म्हणतेय, हे त्यानं पाहिलं. काय चाललंय असं त्यानं बहिणीला विचारलं. पाव, असं तिनं सांगितलं. पाव विकत मिळतो, हे त्यानं तिच्या नजरेस आणून दिलं. ते तिला माहीत होतं.

गोळा ओबडधोबड होता. कवळीवाल्याला तो हात लावून नीट करावासा फार वाटत होता. सासूबाईंनी त्याच्या हातात सुरी दिली. त्यानं गोळ्यावर आडवी-उभी खोल चीर दिली, म्हणजे आतपर्यंत भाजला जाईल, आणि दार लावलं. मग सगळे ओव्हनच्या काचेतून आत बघत बसले. मेव्हणासुद्धा. पाव चिरांमधून हळूहळू उकलला, वर आला, कडांना तांबूस झाला. घरभर खरपूस वास सुटला, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई उगाचच काहीतरी विचारायला खाली येऊन गेल्या.

कवळीवाल्यानं पाव बाहेर काढून उलटा केला आणि बोटानं तळाशी वाजवला. पोकळ आवाज आला. झालाय, असं तो म्हणाला आणि गार व्हायला जाळीवर ठेवला. त्या सगळ्या वेळात कुणी टेबलावरून उठलं नाही.

सुरी लागली तेव्हा कवच कुरकुरलं. आतून पाव पांढरा, जाळीदार होता. पहिला काप, सगळ्यात जास्त कवचाचा, त्यानं लोणी लावून सासूबाईंच्या बशीत ठेवला आणि बाजूला उभा राहिला.

सासूबाईंनी त्या कापाकडे पाहिलं, मग जावयाकडे. मग त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, वाडग्यातून कवळी काढून नळाखाली धुतली आणि पाठमोऱ्या होऊन लावली. येऊन बसल्या. काप उचलला आणि कवचाच्या बाजूनं चावला.

ते चावणं सगळ्यांना ऐकू आलं. त्यांनी सावकाश चावून गिळलं आणि दुसरा घास घेतला. अख्खा काप संपवला. बशीत सांडलेले कण बोटानं टिपून खाल्ले. मेव्हण्यानं दोनदा पाण्याचा पेला पुढे सरकवला, दोनदा त्यांनी तो बाजूला केला.

"टोचलं का गं आई?" त्यानं विचारलं.

"नाही."

"कुठेच नाही?"

"कधीच टोचली नाही," सासूबाई म्हणाल्या. "कवळी उत्तम आहे."

कवळीवाला खुर्चीवर बसला. त्याला राग आला असता तर चाललं असतं, पण त्याला नुसतंच बसावंसं वाटलं. एवढे दिवस त्यानं रात्री अंथरुणात पडून त्या कवळीचा एकेक कंगोरा मनात तपासला होता.

"मग लावत का नव्हतात?" त्यानं विचारलं. आपल्या कामाबद्दल कुणाला सरळ प्रश्न विचारायची त्याची ही पहिलीच वेळ असावी.

 सासूबाईंनी कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बोलल्या.

"माझा पुढचा दात वाकडा होता. शेजारच्यावर चढलेला. हे लावलं आणि आरशात पाहिलं, तर कुणीतरी दुसरीच बाई. चांगली होती दिसायला. पण माझी तिची ओळख नाही. आणि सकाळी उठून पहिल्यांदा तिचंच तोंड बघायचं, ते मला जमेना."

"पण आई, तू तर जन्मभर लोकांचे दात सरळ केलेस," लेक म्हणाली.

"फोटोत केले. फोटो घेऊन ते घरी गेले. त्यांना तो तोंडावर लावून फिरावं लागलं नाही."

 मग कवळीवाल्यानं विचारलं, की कुठला दात. डावा का उजवा?

उजवा, असं लेकीनं सांगितलं. डावा, असं मुलानं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या डावा, पण मग आरशात डावा की खरा डावा यावर त्या स्वतःच अडखळल्या. डॉक्टरांकडे त्या गेल्या तेव्हा पुढचे दात आधीच गेलेले होते, त्यामुळे मापातही काही नव्हतं. मेव्हण्याला युक्ती सुचली. फोटो बघू, तो म्हणाला. फोटोग्राफरचं घर, फोटोंना काय तोटा? त्यानं कपाटातून अल्बम काढले. आईचे फोटो पुष्कळ होते. लग्नातले, स्टुडिओच्या दारातले, मुलांना मांडीवर घेतलेले. प्रत्येक फोटोत तिचे दात ओळीत, शहाण्यासारखे बसलेले होते.

"ते मीच केलेत," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा मला तो आवडत नसे."

जावई हसला. फार नाही, पण हसला, आणि मग सासूबाईही हसल्या. मेव्हण्याला यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना. त्यानं पावाचा आणखी एक काप घेतला. एव्हाना निम्मा पाव त्यानंच संपवला होता.

दुपारी कवळीवाल्यानं सासूबाईंना मागच्या खोलीत नेलं. तिथे त्या याआधी कधी आल्या नव्हत्या. फळीवरच्या जबड्यांकडे त्यांनी ओळीनं पाहिलं आणि दोघांना ओळखलंही. एक पोस्टातल्या माणसाचा होता आणि एक त्यांच्या जुन्या घरमालकाचा. घरमालकाशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. त्याचा जबडा त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला.

त्यानं सासूबाईंच्या जबड्याच्या साच्यावर मेणाची नवीन पट्टी बसवली, त्यात दात रोवले आणि पुढचा दात जरा वळवला. सासूबाई नाही म्हणाल्या. अजून जरा वळवला. तरी नाही. त्याचा हात आखडत होता. इतकी वर्षं दात सरळ करण्यात गेलेल्या हाताला मुद्दाम चूक करायला सांगितल्यावर तो चोरासारखा वागायला लागला. शेवटी सासूबाईंनी गरम सुरी मागून घेतली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि स्वतः काम हातात घेतलं. ब्रश धरायची तशीच त्यांनी सुरी धरली. थोडं मेण काढलं, दात उचलला, तिरपा केला, शेजारच्यावर किंचित चढवला. बोटानं चाचपून बघितलं. पुन्हा काढला. मग डोळे मिटून, जिभेनं वरच्या ओठाच्या आतून काहीतरी आठवत बसल्या.

"उजवा," त्या म्हणाल्या. "जिभेला आठवतोय."

नवी कवळी झाली तेव्हा डॉक्टरांनी ती हातात घेऊन विचारलं, हे असं कसं झालं? बरोबर आहे, असं कवळीवाल्यानं सांगितलं. डॉक्टरांना त्याची तब्येत बरी नसावी असं वाटलं. सासूबाईंनी ती लावली, आरशात बघितलं आणि छान वगैरे काही न म्हणता पदर सारखा केला, पर्स उचलली आणि चला म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी कवळी रात्रीखेरीज काढली नाही. मेव्हणा रिकामी बॅग घेऊनच परत गेला होता. पुढे महिन्याभरानं त्या स्वतःच तिकीट काढून त्याच्याकडे राहायला गेल्या, कारण आता तो बोलवत नव्हता. आठवडाभर राहून परत आल्या. सून फार चांगली आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि समोरच्या हॉस्पिटलबद्दलही चांगलंच बोलल्या.

कवळीवाल्याच्या कामात मात्र एक फरक पडला. नुसत्या मापावर तो आता दात करेना. डॉक्टरांनी पाठवलेल्या माणसाला तो आधी मागच्या खोलीत बोलवायचा, बसवायचा आणि विचारायचा, की पूर्वी तुमचे दात कसे होते? काहींना आठवत नसे. काही रडत. एका बाईंनी तर दातांऐवजी नवऱ्याबद्दलच तासभर सांगितलं. कामं मागे पडायला लागली आणि डॉक्टरांचे फोन यायला लागले. तो त्यांना बरं म्हणायचा आणि तसंच चालू ठेवायचा.

एकदा एक निवृत्त बँक मॅनेजर आले. कवळीवाल्यानं त्यांना खुर्ची दिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"भयंकर होते," मॅनेजर म्हणाले. "सगळं आयुष्य तोंडावर हात ठेवून हसलो. एकसारखे करा. पांढरेशुभ्र."

कवळीवाल्यानं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्यानं एकसारखे, पांढरेशुभ्र दात केले. मॅनेजर पूर्ण वेगळेच कुणीतरी दिसायला लागले, आणि दोन्ही हात मोकळे सोडून, रस्त्यातल्या प्रत्येकाकडे बघून हसत घरी गेले.